बुडालेलं दूध

माझ्या मुलाच्या जन्मानंतरचे दिवस मला क्रमानं आठवत नाहीत. आठवते ती ऊब. राजाजीनगरातल्या माझ्या माहेरी मागच्या अंगाला एक खोली आहे. एरवी तिच्यात जादाच्या गाद्या आणि बिघडलेला मिक्सर पडलेला असतो. तीच माझी बाळंतिणीची खोली झाली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कोपऱ्यात शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. बाहेर बेंगळुरूची गार हवा वाहत असायची, आणि मी आत कानांवरून रुमाल बांधून, घामानं निथळत पडलेली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि भिंतीवरून सरकत सरकत कपाटापर्यंत जायची. ती कपाटाला टेकली की दुपार झाली, असं मी समजायचे. मोबाइल अक्कानं उचलून नेला होता. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण देऊ नये म्हणे.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं या गावात इतकं जुनं की आमच्या मराठीत कन्नड कधी मिसळलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून आत्याची अक्का झाली, आणि आता तिला कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा अक्काच म्हणतो. तिचा नवरा लवकर गेला. ती माहेरी परत आली ती घराच्या किल्ल्या कमरेला लावूनच. वडील तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत. आई तर तोंडातून ब्र काढत नाही. आई चिकोडीकडची, सोळाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. तेव्हापासून अक्कानं बोलायचं आणि आईनं करायचं, अशी वाटणी झालेली.

मी मात्र अक्काच्या वळणावर गेले. तोंडाळ. पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला आणि मी लग्न केलं, पळून नाही, हट्ट करून. नवरा निपाणीकडचा. कोरमंगलात एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करतो. माझ्याशी संसार करायची तालीम त्याला तिथंच मिळाली असावी. एकोणिसाव्या वर्षी मला मुलगा झाला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या न्यायानं मी अक्काच्या तावडीत सापडले.

तावडीत म्हणते खरी, पण तिनं माझी जी सेवा केली ती दुसरं कुणी करणार नाही. रोज सकाळी ती माझ्या पायांना, पाठीला तेल जिरवायची. तिच्या हाताखाली मी अर्धवट झोपेत जायचे. कढत पाणी अंगावर पडायचं, वाफेत सगळं विरघळायचं, न्हाणीघराची मोरी, पितळी घंगाळ, अक्काच्या बांगड्या, आणि मला वाटायचं आपण अजून लहानच आहोत, शाळेला उशीर होतोय, कुणीतरी वेणी घालून देणार आहे. मग पलीकडच्या खोलीतून रडणं यायचं आणि मी दचकायचे. हे कुणाचं बाळ रडतंय? एवढा विचार करायला मला खरंच वेळ लागायचा. हसू नका. एकोणिसाव्या वर्षी तुम्हीसुद्धा दचकला असता.

नर्सिंग होममध्ये तिथल्या नर्सनं त्याला माझ्या छातीशी धरलं होतं. त्यानं तोंड उघडलं, चाचपलं, थोडं ओढलंही. ‘बरुत्ते, बरुत्ते,’ येईल येईल, असं म्हणत ती दुसऱ्या खाटेकडे गेली. मला वाटलं, झालं, जमलं की. लोक उगाच बाऊ करतात.

घरी आलो त्याच दुपारी अक्का चांदीची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली. वाटीत पाणी होतं. आमच्या घरात प्रत्येक बाळंतिणीच्या दुधाची अशी परीक्षा होते. कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण अक्काच्या आईनं केली, तिच्या आजेसासूनं केली, आणि आमच्याकडे एवढं पुरेसं असतं. दुधाचे चार थेंब पाण्यात सोडायचे. मिसळून गेले तर दूध हलकं, बाळाला पाजावं. तळाशी गेले तर जड, पाजू नये. मला या प्रकाराची जरा गंमतच वाटली. मी म्हटलं, “अक्का, काठावर पास झाले तर चालेल ना?”

ती हसली नाही. मी थेंब पिळले. पिवळे, घट्ट, चिकट. पाण्यात शिरले आणि त्यांचा एक धागा झाला. तो धागा वळत वळत खाली गेला आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसला. आम्ही तिघी वाटीत डोकावून बघत होतो, अक्का, आई आणि मी.

“बुडालं,” अक्का म्हणाली. “जड आहे. पोराच्या पोटाला बाधेल. मिसळेपर्यंत थांबायचं.”

आई उठली. वाटी उचलून आत घेऊन गेली.

मग रोज सकाळी न्हाणं झालं की वाटी यायची, आणि रोज मी नापास व्हायचे. पिळून काढलेलं दूध आई मागच्या दारच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतायची, पायदळी येऊ नये म्हणून. बाळाला बाटलीतून गाईचं दूध, पाणी घालून. तो गटगटा प्यायचा, मग कळवळून रडायचा, पाय पोटाशी घ्यायचा. अक्का त्याच्या बेंबीभोवती हिंग लावायची. मी विचारलं, “आणि गाईचा चीक आला की गल्लीभर खरवस वाटतेस, तो कसा चालतो? तोही घट्ट, पिवळा.” अक्का म्हणाली, “गाय आणि बाई एक का गं?” मी भांडकुदळ खरी, पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात नुसता कापूस भरलेला होता. वाक्य सुरू करायचे आणि शेवटाला पोचायच्या आत डोळा लागायचा.

पाणीही बेतानंच मिळायचं. बाणंतीनं, म्हणजे बाळंतिणीनं, फार पाणी पिऊ नये, अंगावर सूज येते, हाही अक्काचाच नियम. तहानेनं पडल्या पडल्या मला एक स्वप्न पडायचं. सगळ्या घरात पाणी भरलंय, खिडकीच्या वरपर्यंत, निळसर, कोमट. अक्का, वडील, आई त्यात सहज चालताहेत, भाजी चिरताहेत, टीव्ही बघताहेत. मी तेवढी फरशीला चिकटलेली. वर, छताजवळ, बाळ हलकं होऊन तरंगतंय आणि माझा हात पोचत नाही. भीती वाटायची नाही, हेच नवल. मला वाटायचं, आपली जागा इथंच आहे, तळाशी.

एका सकाळी दूध मिसळलं. पांढरं, पातळ, पाण्यात ढगासारखं पसरलं. अक्कानं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, बाळाची अलाबला घेतली, आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. “आता पाज पोटभर.”

त्यानं तोंड लावलं आणि किंचाळला. पाठीची कमान केली. मान फिरवली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बाटलीला नुसता ओठ लागला की दूध येतं, इथं ओढावं लागत होतं, आणि ते तो एव्हाना विसरला होता. हे आता मला कळतं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्याच पोटच्या पोरानं माझ्याकडून तोंड फिरवलं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं म्हणतात. आमच्याकडे तो रडायचा, मी रडायचे, आणि पाजणं काही व्हायचं नाही. शेवटी बाटली यायची आणि तो गप्प व्हायचा. त्याच्या त्या गप्प होण्याचा मला इतका राग यायचा.

छाती आधी दगडासारखी झाली. हात लावू देववेना. मग हळूहळू मऊ पडत गेली, आणि मला आणखी भीती वाटायला लागली. पिळून काढलं तर आता वाटीच्या तळाला जेमतेम पुरेल एवढंच यायचं. दाराबाहेर अक्का शेजारणीला सांगत होती, “पोरच आहे हो ती. पोरीला कुठला पान्हा फुटायला?” मला ऐकू जावं म्हणून नाही, सहज बोलली. मला ते पटलं. मी अंगानं किडकिडीत, हातात अजून कॉलेजातल्या मैत्रिणीनं बांधलेला धागा. आई म्हणजे कुणीतरी भरलेल्या अंगाची, शहाणी बाई असते. मी ती नव्हते. सोंग आणता येतं, दूध कुठून आणणार?

रविवारी नवरा आला. बाळाला हातात घेऊन म्हणाला, “हा हलका झालाय का गं?” त्याला फोनवरच्या तक्रारी कळतात, न बोललेल्याही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तो, आई आणि मी बाळाला घेऊन बाळांच्या डॉक्टरकडे गेलो. अक्कानं माझ्या कानांचा रुमाल आणखी घट्ट बांधला. किती दिवसांनी मी उन्हात आले होते. रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता, रिक्षा त्याच्यावरून गेली, आणि मला सगळं दुसऱ्याच कुणाचं वाटलं, ऊन, हॉर्न, मांडीवरचं गाठोडं.

वजन जन्माच्या वेळेपेक्षाही खाली आलं होतं. डॉक्टर बाईंनी विचारलं काय पाजता, तर आईनं माझ्याकडे बघितलं. मग मीच सगळं ओकले, वाटी, धागा, जास्वंद. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिलं दूध सगळ्यांचंच घट्ट असतं आणि सगळ्यांचंच बुडतं. तेच बाळाला द्यायचं असतं. वय लहान असलं म्हणून दूध कमी येत नाही. आता बाटली बंद करा. जे निघेल ते पिळून बोंडल्यानं पाजा, गाईचं दूध नको, कमी पडलं तर डब्याचं, तेही बोंडल्यानंच. तू पाणी पी, पोटभर जेव, आणि त्याला उघड्या अंगानं तुझ्या अंगावर ठेव, जितका वेळ ठेवता येईल तितका. पुढच्या सोमवारी परत वजन करू. तोवर त्यानं धरलं नाही तर त्याला डब्यावरच घ्यावं लागेल, आणि मग तुझं दूध बहुतेक आटेल.

येताना रिक्षात आई बाहेर बघत होती. ‘सगळ्यांचंच बुडतं’ एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि मला अक्काचा संताप येत होता, आणि संतापायलाही ताकद नव्हती.

घरी अक्कानं ऐकून घेतलं आणि हात झटकले. “त्या डॉक्टरला किती पोरं झाली? सोमवारची वाट कशाला बघायची, आजच डबा आणा. पोरीची पण सुटका, पोराची पण.” आणि खरं सांगते, क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. सुटका. कुणी पुन्हा माझी परीक्षा घेणार नाही.

तेव्हा आई बोलली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, नेहमीच्याच आवाजात.

“अक्का, माझंही बुडालं होतं ना?”

“हो. मग?”

“तेव्हाही तुम्ही थांब म्हणालात. मी थांबले. मग हिनं तोंड लावलं नाही. मग डबा आला.”

“आणि काय झालं? बघ की, घोड्यासारखी वाढली. तिला काय कमी पडलं?”

“तिला नाही,” आई म्हणाली. “मला पडलं.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी डब्याच्या दुधावर वाढले एवढं माहीत होतं, पण ते आपलं असंच, कुणाला चष्मा लागतो तसं. आईनं कधी विषय काढला नाही. मी बाळाला कसं धरू, किती वेळ पाजू, असं विचारलं की ती म्हणायची अक्काला विचार. मला वाटायचं तिला माझ्यात पडायचं नाही. रागही यायचा तिचा. तिला सांगता येतच नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आईनं बाळाला अक्काच्या हातातून घेतलं. ओढून नाही, नेहमी घ्यायची तसंच. मला खोलीत नेलं, शेगडी बाहेर ठेवली, खिडकी उघडली आणि पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या उशाशी ठेवला. बाळाचं झबलं काढलं, मला म्हणाली चोळी काढ, आणि त्याला माझ्या छातीवर पालथं निजवलं. वरून तिची जुनी सुती साडी पांघरली. मग दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. “आता कुणी येणार नाही,” म्हणाली.

त्यानंतरच्या दुपारी मला एकच मोठी दुपार म्हणून आठवतात. तो माझ्या अंगावर झोपायचा, मी त्याच्याखाली झोपायचे. कोण कुणाच्या श्वासानं वरखाली होतंय ते कळायचं नाही. खिडकीतून वाऱ्याबरोबर संपिगेचा, म्हणजे सोनचाफ्याचा, वास यायचा, कुठल्या तरी घरची कुकरची शिट्टी, रस्त्यावर पालेभाजी विकणाऱ्याचं ‘सोप्पू, सोप्पू’. दूध पिळायचे, आई बोंडल्यानं थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायची. उरलेली भूक डब्याच्या दुधानं, त्याच बोंडल्यानं. मध्येच तो जागा व्हायचा, तोंड लावायचा, चिडायचा, मी चिडायचे. “मेल्या, तुझ्यासाठी मरमर मरतेय मी,” असं मी त्याला एकदा म्हटलं आणि मग ओक्साबोक्शी रडले. आई म्हणाली, “स्वल्प थांब. तोही पोरच आहे.” एवढंच तिचं शिक्षण.

अक्का दोन दिवस फुगून बसली. मग एका दुपारी दारावर थाप पडली. आईनं जरासं उघडलं. फटीतून अळिवाची खीर आत आली, वाटीभर नाही, पातेलंभर. आणि बाहेरून आवाज, “पाणी देतेस तिला, तर उकळून दे निदान.” आई म्हणाली, “सरी, अक्का, उकळते.” आणि दार पुन्हा लावून घेतलं.

त्याच दिवशी की दुसऱ्या, सांगता येणार नाही. मी पूर्ण झोपेतही नव्हते आणि जागीही नव्हते. छातीवर काहीतरी सरकलं. तो डोकं उचलत होता, आपटत होता, पुन्हा उचलत होता. पाय माझ्या पोटावर रोवून पुढे ढकलत होता. मी हलले नाही. मी त्याला काही दाखवलंच नाही, कारण माझा हात झोपेनं इतका जड झाला होता की उचलवला नसता. तो वास घेत घेत बाजूला गेला, तोंड मोठं उघडलं, आणि धरलं. घट्ट. मग ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं. आणि मग त्याच्या गळ्यातून घोटाचा बारीक आवाज आला. एक, मग दुसरा, मग सलग.

“आई,” मी म्हटलं. मोठ्यानं बोलायची छाती झाली नाही.

ती दारापासून उठून आली. माझ्या उशाशी वाकून बघत राहिली. त्याची कानशिलं हलत होती. डोळे मिटलेले, एक मूठ माझ्या गळ्याशी. सोमवारी वजन थोडं का होईना वाढलं, डबा हळूहळू सुटला, हे सगळं पुढचं. त्या घडीला आम्हाला दोघींना पुढचं काहीही दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, “कसं वाटतं गं?”

मी सवयीनं फणकारले, “कसं काय वाटणार? दुखतंय.” आणि मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती दुखण्याचं विचारत नव्हती. पस्तिशी उलटलेली माझी आई, घरातल्या प्रत्येकाला काय लागतं ते न सांगता ओळखणारी, आणि ही एक गोष्ट तिला तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारावी लागत होती.

मग मी तिला सांगायला लागले. आधी टोचतं, म्हटलं, जीव जातो इतकं. मग आतून काहीतरी सुटतं आणि सरसरत खाली येतं, पाठीतून, काखेतून. मग खूप तहान लागते. मग हात गरम होतात. मग याचं अंग ढिलं पडतं, आणि ते ढिलं पडलं की आपलंही पडतं.

आईनं स्वतःच्या छातीवर हात धरला होता. “असं होय,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “अजून सांग.”

तो पीत होता तोवर मी सांगत राहिले.